बोलणारा जनरेटर

जनरेटर बघायला निघताना मी दुकानांचे पत्ते, तुलनेचा तक्ता आणि पाण्याची बाटली घेतली होती. मास्तरांनी फक्त स्टीलचा पेला घेतला होता. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "पेला कशाला? बाटलीतून पिता येतं की."

"प्यायला नाही गं. मशीनला पाजायला."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

तो त्यांचा नेहमीचा आवाज होता. मास्तर शाळेतले नव्हते. सुरतेत मागाला संचा म्हणतात आणि मागांच्या शेडला खातं. त्या खात्यात संचे दुरुस्त करणारा आणि कारागिरांकडून काम करून घेणारा तो मास्तर. आमचे मास्तर तरुणपणी धुळ्याकडून आले आणि सगळी उमर त्या खटाखटीत काढली. त्यात त्यांचे कान निम्मे झाले आणि आवाज दुप्पट झाला. आणखी एक गोष्ट झाली होती, ती लोकांना उशिरा कळायची. मास्तर ओठ वाचायचे. चालू खात्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, कारागीर ओठ आणि हात बघून बोलतात. मास्तरांना ही विद्या खात्याबाहेरही सोडता आली नाही.

सुरतेतल्या नवागामला मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे, लग्न झाल्यापासून मुलगी दहावी होईपर्यंत. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दोन बायका कुजबुजत असल्या की मास्तर ओट्यावरून ओरडून त्यात भाग घ्यायचे. "भाडं वाढवणार नाही! कुणी सांगितलं तुम्हाला?" बायका पदर तोंडाला लावून बोलायला शिकल्या. आमच्या गल्लीत नव्या सुनेला पदर घ्यायला सासू शिकवत नसे, मास्तर शिकवत.

घरात मात्र ते हातांनी बोलायचे. दोन बोटं उभी केली की चहा. मूठ उघडून बोटं खाली हलवली की नळाला पाणी आलं. मान कलती करून गालाखाली तळवा धरला की कुणीतरी झोपलंय, पाय न वाजवता जा. ही शेवटची खूण सगळ्यात जास्त वापरात होती, कारण रात्रपाळीवाले दिवसा झोपायचे. भाडेकरूंना बोलवायचं असेल तर ते जिन्याच्या लोखंडी नळीवर पाना आपटायचे. प्रत्येक खोलीचे ठोके वेगळे. मला आजही कुठे लोखंडावर दोन लांब आणि एक आखूड ठोका ऐकू आला की मी हातातलं काम ठेवून "आले" म्हणते.

त्यांची काही वचनं गल्लीत सगळ्यांना पाठ होती. 'मशीन बोलतं, माणूस बडबडतो.' 'शेठ आणि बेअरिंग, गरम झाले की लांब उभं राहावं.' आणि कुणी रजेवर घरी बसलेला दिसला की अहिराणीत, "बंद मशीन नी मरेल म्हैस सारखीच!" मरेल म्हणजे मेलेली.

घराच्या मागच्या भिंतीला लागून एक खातं होतं. मी नवी आले तेव्हा तो आवाज उशीतून यायचा. ताट भिंतीच्या फळीवर ठेवलं तर हळूहळू सरकत कडेला यायचं. पहिले काही दिवस मी कानात कापूस घालून झोपले. नंतर कापूस सुटला आणि काही महिन्यांनी असं झालं की तो आवाज असतो हेच मी विसरले. तो आठवायचा फक्त विजेच्या सुट्टीच्या दिवशी. संचे थांबायचे आणि सगळी चाळ एकदम जागी व्हायची. पोरं रडायला लागायची, रात्रपाळीवाले उठून बसायचे आणि मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, केस सुटलेल्या तशाच ओट्यावर येऊन विचारायच्या, "काय व्हयनं व? लाईट गयी का?"

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी लाईट जायची आणि दर आठवड्याला त्या तेच विचारायच्या. मी एकदा त्यांना कॅलेंडरवर लाल गोल करून दिले. त्यांनी ते कॅलेंडर देवाच्या मागे लावलं.

याच विजेचा मास्तरांच्या मनात राग होता. लाईट गेली की काम गेलं आणि काम गेलं की त्या दिवसाचा रोज गेला, असं आयुष्य काढलेला माणूस. "माझी चावी कायम दुसऱ्याच्या हातात," असं म्हणायचे. म्हातारपणी काय करायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. स्वतःची जमीन आणि स्वतःची लाईट. खातं सोडल्यावर त्यांनी सुरतेबाहेर कामरेजच्या पुढे आत एक तुकडा घेतला, दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड बांधली. विजेचा खांब शेजारच्या उसापर्यंत येऊन थांबला होता. लोक म्हणाले, अर्ज करा, येईल. मास्तर म्हणाले, "येऊच नये." छपरावर सोलर बसवलं, खाली बॅटऱ्या ठेवल्या, भिंतीवर इन्व्हर्टर टांगला. बटण दाबून पहिला दिवा लावला तेव्हा त्यांनी दिव्याकडे बघितलंच नाही. बाहेर येऊन सूर्याकडे बघून नमस्कार केला आणि ओरडले, "आता तू माझा शेठ!"

अडचण मावशींची होती. त्यांनी अख्खा जन्म नवागामच्या त्या ओट्यावर काढलेला. त्यांना शेतात जायचं नव्हतं. त्यांनी एक अट घातली आणि ती माझ्यासमोर घातली, म्हणजे मास्तरांना नंतर फिरवता येऊ नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जायचं, दिवाळीपर्यंत राहून बघायचं. करमलं तर ठीक. "पण एक दिवस जरी तो पंखा बंद पडना ना, तर मी मन्ही पेटी उचलसू नी नवागामले. मग तुम्ही नी तुम्हना सूर्य." आणि त्या परत आल्या तर जमीन विकायची, हेही ठरलं. मास्तरांनी मान हलवली. अशी मान हलवताना मी त्यांना एकदाच बघितलं होतं, शेठने खातं विकल्याचं सांगितलं तेव्हा.

आता सूर्य हा शेठ चांगला असला तरी पावसाळ्यात रजेवर जातो. आकाश भरून आलं की पॅनेलमधून वीज जेमतेम येते, दोन दिवसांत बॅटऱ्या खाली बसतात, पंखा थांबतो. म्हणून आधाराला जनरेटर हवा. आखाजीला दोघं शेतावर राहायला गेली आणि लगेच शोध सुरू झाला. मी कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये खरेदी बघते. रंग, रसायनं, बॉयलरचे सुटे भाग, झाडू, सगळं. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. जिन्याच्या नळीवर नाही, फोनवर. पण फोन उचलल्या उचलल्या मास्तरांनी त्यात आधी दोन लांब आणि एक आखूड ठोका वाजवला.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. घरात काय काय चालतं ते लिहून काढलं. दोन पंखे, दिवे, मिक्सर, फ्रीज, विहिरीची मोटार. मोटार सुरू होताना नेहमीच्या तिप्पट जोर मागते, म्हणून मोटार आणि बॅटरीचं चार्जिंग एकाच वेळी लावायचं नाही. मुख्य मुद्दा मी मास्तरांना तीनदा समजावला. घर जनरेटरवर चालणार नाही. घर बॅटरीवरच चालणार. जनरेटर फक्त ढगाळ दिवसात दुपारी थोडा वेळ लावायचा, बॅटऱ्या भरायच्या आणि बंद करायचा. त्यामुळे तो लहान हवा. फार मोठा घेतला आणि थोड्या भारावर चालवला तर आतून काजळी धरतो. दोन माणसांच्या खिचडीला लग्नाचं पातेलं कशाला?

मास्तरांनी सगळं ऐकलं, म्हणजे माझे ओठ बघितले. मग म्हणाले, "तुन्हा कागद काय सांगस, बोलतो कसा?"

"कोण?"

"जनरेटर."

मी सांगितलं की आवाजाचाही रकाना आहे. जितका कमी तितका चांगला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जेवणाच्या यादीत 'चव, जितकी कमी तितकी चांगली' असं लिहिलंय.

पहिल्या दुकानात विक्रेता अभिमानाने आम्हाला एका पांढऱ्या पेटीपाशी घेऊन गेला. पूर्ण झाकलेला, गुळगुळीत. "काका, एकदम सायलेंट." त्याने सुरू केला. मास्तरांनी पेल्यात काठोकाठ पाणी भरलं, तो पेटीवर ठेवला आणि वाकून बघत राहिले. पाणी हललं नाही.

"चालू कर ना."

"चालू छे, काका!"

मास्तरांनी पेटीवर तळवा ठेवला, मग कान. मग पेला उचलला आणि पाणी बाहेरच्या कुंडीत ओतलं. "मुका आहे," मला म्हणाले. "मुकं माणूस घरात ठेवू नये. मनात काय आहे कळत नाही." माझ्या तक्त्यात तो पहिल्या क्रमांकावर होता.

दुसऱ्या ठिकाणी पाणी इतकं हललं की पेलाच चालत जाऊन खाली पडला. "हा पिसाळलेला." तिसऱ्या ठिकाणी पाण्यावर बारीक बारीक काटे उभे राहिले. "हा दात खातो." मी प्रत्येक ठिकाणी इंधन किती लागतं, सुटे भाग सुरतेत मिळतात का, दुरुस्तीवाला कामरेजपर्यंत येतो का, हे विचारत होते. दुकानदार मला उत्तरं द्यायचे आणि बघायचे पेल्याकडे.

चौथं दुकान मोठं होतं. मालक काचेच्या केबिनमध्ये बसलेला, आम्ही बाहेर. माणूस एक मशीन दाखवत होता, ते मलाही बरं वाटत होतं. लहान, पेट्रोलचं नाही, डिझेलचं, बटणावर सुरू होणारं. मी विचारलं, "हेच पीस मिळेल की पॅकिंगमधलं?" माणूस विचारायला केबिनमध्ये गेला. काचेच्या आत मालकाने मान वर न करता काहीतरी सांगितलं. काच जाड होती, मला काही ऐकू आलं नाही. मास्तरांना तर येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ते एकदम ताठ झाले आणि सगळं दुकान हादरेल अशा आवाजात गुजरातीत म्हणाले, "काकाने खबर पडी गई!"

आत मालकाच्या हातातला चहा सांडला. तो म्हणाला होता, पेलुं जूनुं पीस आपी दे, काकाने खबर नहीं पडे. ते जुनं पीस देऊन टाक, काकांना कळणार नाही. मालक बाहेर आला, हात जोडले, थंड पेय मागवलं, केबिनमध्ये माइक कुठे लावलाय ते शोधत भिंतीकडे बघत राहिला. मास्तर थंड पेय प्यायले. "चांगलं आहे," म्हणाले, "पण इथून घ्यायचं नाही. ज्याचे ओठ एक सांगतात आणि तोंड दुसरं, तिथून सुईसुद्धा घेऊ नये." मला ते मशीन आवडलं होतं. मी त्याचं नाव लिहून घेतलं आणि दुसऱ्या दुकानाकडे चौकशी सुरू ठेवली. माझी सवय आहे, एक पर्याय कायम बाजूला ठेवते.

परत येताना कतारगामच्या एका गल्लीत मास्तरांनी रिक्षा थांबवली. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. रिक्षाच्या दांडीवर ठेवलेल्या हाताला काहीतरी जाणवलं होतं. आत एका जुन्या गोडाऊनमध्ये राजकोटचं हिरवं इंजिन चालू होतं. शेतात पाणी उपसायला पूर्वी असायचं तसं, एका सिलिंडरचं, बैलगाडीच्या चाकाएवढं जड चाक असलेलं, पट्ट्याने जनरेटर फिरवणारं. काळा धूर, कोपऱ्यात थंड करायला पाण्याची टाकी. आणि आवाज म्हणजे काय विचारता. एकेक ठोका वेगळा मोजता येईल असा, खटक-डुग, खटक-डुग. पायाखालची फरशी त्याच तालात.

मास्तरांनी पेला ठेवला. पाण्यावर गोल वर्तुळं उमटायला लागली, मधून कडेला, सावकाश, एकामागे एक. ते बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. खिशातून मोबाईल काढला, घरी लावला, स्पीकर चालू केला आणि काही न बोलता फोन इंजिनाजवळ धरला.

मला वाटलं चुकून लागला. "मास्तर, फोन चालू आहे."

त्यांनी हाताने मला गप्प केलं. फोनमधून आधी काहीच आलं नाही. मग मावशींचा आवाज, शेतातून, एकदम मोकळा, "कोनता खातामा शेतस तुम्ही?"

कुठल्या खात्यात आहात, असं त्या विचारत होत्या. मास्तरांनी फोन बंद केला, पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि गोडाऊनवाल्याला म्हणाले, "हेच."

मी माझ्या परीने सगळं बोलले. हे गरजेपेक्षा किती मोठं आहे. हे धूर सोडतं. याचा वेग भाराप्रमाणे खालीवर होतो, म्हणजे वीज स्थिर येणार नाही, आणि आजचे इन्व्हर्टर नखरेल असतात, अस्थिर वीज आतच घेत नाहीत. मास्तर माझ्या ओठांकडे न बघता इंजिनाकडे बघत होते. ओठ वाचणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात हीच अडचण आहे. त्याने मान फिरवली की तुम्ही हरलात.

इंजिन टेम्पोतून शेतावर गेलं, शेडमध्ये सिमेंटच्या ओट्यावर बसलं. सोलरवाला जोडायला आला. शांत, मितभाषी गुजराती गृहस्थ, हातात कायम मीटर. त्याने वायरी जोडल्या, इंजिन सुरू केलं, इन्व्हर्टरकडे बघितलं. इन्व्हर्टरने लाल दिवा लावला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा लाल. "काका, ये नहीं लेगा," तो म्हणाला. "इसका ताल ऊपर-नीचे होता है."

"ताल?" मास्तर भडकले. "याचा ताल? अरे, याच्या तालावर तीन गावं नाचतील!"

"गावं नाचतील काका. इन्व्हर्टर नहीं नाचेगा."

त्यानंतर मास्तर रोज त्या इंजिनाच्या वेगाचा स्क्रू पिळत बसायचे आणि इन्व्हर्टर रोज लाल दिवा लावायचा. मी न बोलता माझा बाजूला ठेवलेला पर्याय पुढे घेतला. तेच लहान डिझेलचं मशीन, दुसऱ्या दुकानातून, पॅकिंगमधलं, मागवून ठेवलं. आभाळ कुणाच्या हट्टासाठी थांबत नाही.

आणि थांबलं नाहीच. श्रावणात एकदा असं भरून आलं की दिवसा दिवे लावायची वेळ आली आणि ते उघडेना. मास्तरांचा फोन आला. ठोके न वाजवता. "बॅटरी पिवळ्यावर आली गं."

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून लहान जनरेटर टेम्पोत घालून निघाले. पोचले तर ओसरीत मावशींची पत्र्याची पेटी बाहेर काढून ठेवलेली. पंखा अजून चालू होता. सोलरवाल्याने लहान जनरेटर जोडला. इन्व्हर्टरने हिरवा दिवा लावला, लगेच, जणू ओळखीचा पाहुणा आला. बॅटऱ्या भरायला लागल्या. पंखा एकदाही थांबला नव्हता. मी आत जाऊन मावशींना आनंदाने सांगितलं, "मावशी, पेटी आत ठेवा. पंख्याची काळजी मिटली."

मावशी चौकटीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळं झालेलं. म्हणाल्या, "पंखा शे, दिवा शे, सगळं शे बाई. माले आठे जप लागत नही."

जप म्हणजे झोप. आखाजीपासून त्या नीट झोपल्याच नव्हत्या. आधी वाटलं उकाडा, म्हणून दुसरा पंखा आणला. मग वाटलं डास, म्हणून मच्छरदाणी आली. मग गादी बदलली, मग खाटेची दिशा. मी विचारलं, भीती वाटते का? "कसानी भीती?" औषध? दुपारचा चहा बंद करून बघितला? सगळं झालं होतं. "डोळा लागस, नी लगेच कोनी उठाडं तशी मी उठी बससू," त्या म्हणाल्या. "कोनी नसस. काहीच नसस." त्यांनी टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मी जनरेटर ज्या टेम्पोतून आणला, त्याच टेम्पोतून त्या पेटीसकट नवागामला जाणार होत्या. जेवून निघायचं ठरलं.

मास्तर हात धुऊन पानावर बसले. जेवले आणि शेडमध्ये गेले. आम्हाला वाटलं, हरलेला माणूस आपल्या खेळण्यापाशी गेला. थोड्या वेळाने राजकोटचं इंजिन सुरू झालं. खटक-डुग, खटक-डुग. ओसरीची फरशी हलली. मांडणीवरचं एक ताट हळूहळू कडेकडे सरकायला लागलं. सोलरवाला कपाळाला हात लावून शेडकडे गेला, मी मागोमाग. तो हातवारे करून मास्तरांना सांगत होता की लहान जनरेटर चालू आहे, आता याची वायर जोडता येणार नाही, जोडायचीही गरज नाही. मास्तर वायरीकडे बघतही नव्हते. त्यांनी पेला इंजिनाच्या टाकीवर ठेवला होता आणि स्क्रू अगदी जरासा पिळत होते, पाण्यातली वर्तुळं बघत. ठोका थोडा संथ झाला. आणखी थोडा.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. निघायची वेळ झाली होती. मी मावशींना बोलवायला आत गेले. त्या पेटीवर डोकं ठेवून, पाय जमिनीवर तसेच सोडून, तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. घोरत होत्या. म्हणजे मला दिसत होतं की घोरताहेत. ऐकू काही येत नव्हतं. टेम्पोवाल्याने परत हॉर्न दिला, लांबलचक. मावशींची पापणीही हलली नाही.

मी मागे वळले. दाराशी मास्तर उभे होते, हात तेलाने काळे. त्यांनी मान कलती केली आणि गालाखाली तळवा धरला.

मग मी ती खूण अंगणात जाऊन टेम्पोवाल्याला केली. त्याला कळली नाही. सोलरवाल्याने त्याला केली. शेवटी आम्ही तिघं मिळून, धडधडत्या इंजिनासमोर, एकाही शब्दाशिवाय त्याला पटवलं की बाई झोपल्यात, आवाज करू नको, गाडी हळू बाहेर काढ. इतका आवाज चालू असताना गाडी ढकलत बाहेर काढणारा तो सुरतेतला पहिलाच टेम्पोवाला असेल.

मावशी दिवे लागायच्या आधी उठल्या, चेहरा धुतला आणि पेटीतून साडी काढून बदलली. पेटी परत आत कुणी ठेवली ते मी बघितलं नाही. दिवाळी आली, गेली. जमीन विकायचा विषय निघाला नाही.

मला वाटलं होतं, पावसाळा संपला की इंजिनही थांबेल. मागच्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा आकाश काचेसारखं होतं, बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या, लहान जनरेटर प्लास्टिक घालून कोपऱ्यात. आणि भर दुपारी राजकोटचं इंजिन चालू. त्याला कुठलीच वायर जोडलेली नव्हती. पट्टासुद्धा काढून ठेवलेला. नुसतं चाक फिरत होतं आणि डिझेल जळत होतं.

मी खरेदीतली बाई, मला हे बघवेना. म्हटलं, "मास्तर, हे कशासाठी चालू आहे?"

"तूच सांगितलंस."

"मी?"

"जनरेटर बंद ठेवू नये, मधून मधून चालवावा, नाहीतर अडकतो. भिंतीवर लिहून चिकटवलंस."

"ते महिन्यातून एकदा! आणि ते त्या लहान जनरेटरसाठी!"

"त्यात कुठलं ते लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले आणि माझे ओठ दिसू नयेत म्हणून तोंड फिरवलं.

मी मनात ठरवलं की निदान काहीतरी जोडून द्यायचं. पिठाची चक्की, कडबा कापायचं यंत्र, काहीही, म्हणजे डिझेल वाया जाणार नाही. कुठलं यंत्र किती जोर घेईल याचा विचार करत मी ओसरीतल्या खाटेवर टेकले. आत मावशी झोपल्या होत्या. मास्तरही शेडच्या दारात खुर्चीवर डुलायला लागले. भिंतीला टेकलेल्या पाठीला तो ठोका लागत होता. चक्कीला किती, कडबा यंत्राला किती, चक्कीला...

नवागाम सोडून मला कितीतरी वर्षं झाली. माझ्या फ्लॅटला दुहेरी काचांच्या खिडक्या आहेत, मी स्वतः निवडलेल्या, आवाज न येणाऱ्या. आणि गेली कित्येक वर्षं माझी झोप पातळ आहे. डॉक्टर म्हणतात, वय.

कशाने तरी दचकून मी उठून बसले. समोर शेडच्या दारात मास्तर खुर्चीत ताठ. कुणी काही बोललेलं नव्हतं, कुणी आलेलं नव्हतं. डिझेल संपून इंजिन थांबलं होतं. आतून मावशी बाहेर आल्या, केस सुटलेल्या तशाच. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, छपरावर ऊन नुसतं ओसंडत होतं.

"काय व्हयनं व?" त्यांनी मला विचारलं. "लाईट गयी का?"